तक्रारीचा फोन येण्याआधी: मॉनिटरिंग सॉफ्टवेअर कसं निवडावं

समजा, आपण एका नागरी सहकारी बँकेचा आयटी विभाग सांभाळता. मुख्य कार्यालयात वीसेक सर्व्हर, जिल्हाभर पसरलेल्या बारा शाखा, प्रत्येक शाखेत एक राउटर, एक-दोन स्विच आणि एक यूपीएस. विभागात माणसं चार. सकाळी काउंटर सुरू झालं की कुठल्यातरी शाखेतून फोन येतो, ‘सर, सिस्टिम स्लो चाललीय’, आणि मग शोधाशोध सुरू होते. हा फोन येण्याआधी आपल्याला कळावं, एवढ्यासाठी मॉनिटरिंग सॉफ्टवेअर घ्यायचं. नेटवर्कवरची उपकरणं आणि सर्व्हर ठरावीक वेळानं तपासत राहायचे, मोजमापं साठवायची आणि काही बिनसलं की योग्य माणसाला हाक मारायची, हे त्याचं काम.

बहुतेक विभाग निवडीची सुरुवात विक्रेत्यांना डेमोसाठी बोलावून करतात. डेमोत रंगीत नकाशे आणि आलेख दिसतात, ते सगळ्याच कंपन्यांचे छान असतात, आणि शेवटी निर्णय किमतीवर होतो. त्याऐवजी पहिला आठवडा आपल्या जुन्या बिघाडांना द्यावा.

गेल्या वर्षभरात काय काय बंद पडलं, याची यादी करावी. तक्रारींचं रजिस्टर, जुने ईमेल, विभागाचा व्हॉट्सअॅप ग्रुप, सगळं चाळावं. प्रत्येक बिघाडापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: नेमकं काय गेलं, पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं आणि किती वेळ काम थांबलं. पंधरा-वीस ओळी सहज निघतात. डिस्क भरल्यामुळे डेटाबेस थांबला. वेबसाइटचं प्रमाणपत्र संपलं. बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हता. रविवारी सर्व्हर रूमचा एसी बंद पडला. इथून पुढचा प्रत्येक निर्णय या यादीशी ताडून पाहायचा: हे सॉफ्टवेअर असतं, तर यातलं काय आपल्याला आधी कळलं असतं?

यादी करताना एका प्रकाराकडे विशेष लक्ष द्यावं. शाखेला मुख्य लीज लाइन असते आणि राखीव म्हणून 4जी जोडणी. मुख्य लाइन तुटते, राउटर आपोआप 4जीवर जातो, काम चालू राहतं आणि कुणालाच काही कळत नाही. मग एक दिवस मोबाइल टॉवरही जातो आणि शाखा बंद पडते. रेडमधल्या, म्हणजे एकमेकींना सांभाळून घेणाऱ्या डिस्कच्या संचातल्या, एका डिस्कचं असंच होतं. दोन पॉवर सप्लाय असलेल्या सर्व्हरचंही तसंच. जोडीतला एक गेला आणि दुसऱ्यावर काम चाललंय, हे सांगणं माझ्या मते मॉनिटरिंगचं सर्वांत मोलाचं काम आहे, कारण तिथे दुरुस्तीला हातात वेळ असतो.

यानंतर उपकरणांची मोजणी. कागदावरच्या यादीवर विसंबू नये. खरेदीच्या नोंदीत असलेला सर्व्हर कधीच बंद झालेला असतो आणि कुणीतरी तात्पुरता लावलेला स्विच अजून चालू असतो. बहुतेक सॉफ्टवेअर नेटवर्क धुंडाळून सापडलेल्या उपकरणांची यादी बनवतात. चाचणी आवृत्तीतली ही सोय मोजणीसाठीही वापरता येते. यूपीएस, एसीचं तापमान, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर यांना विसरू नये.

आता हे सॉफ्टवेअर पाहतं कसं, ते समजून घेऊ. हे कळलं की विक्रेत्याला नेमके प्रश्न विचारता येतात.

सर्वांत साधी तपासणी म्हणजे पिंग: उपकरणाला एक छोटा संदेश पाठवायचा आणि उत्तर येतं का, किती वेळात येतं, ते मोजायचं. हा प्रोग्रॅम माइक मूस यांनी 1983 साली लिहिला आणि आजही तो रोजच्या वापरात आहे. पण पिंगला उत्तर आलं याचा अर्थ एवढाच, की यंत्र जिवंत आहे आणि वाट मोकळी आहे. त्यावरचा डेटाबेस गोठलेला असला तरी पिंग हिरवाच दिसतो. उलटही घडतं. राउटर आणि स्विच पिंगला उत्तर देण्याचं काम मागे ठेवतात, त्यामुळे स्विचचं उत्तर उशिरा आलं म्हणून नेटवर्क मंद आहे, असं लगेच ठरवू नये.

दुसरी पद्धत एसएनएमपी. स्विच, राउटर, प्रिंटर, यूपीएस यांना त्यांची आतली मोजमापं विचारण्याची ही सर्वमान्य भाषा 1980च्या दशकाच्या अखेरीस तयार झाली. कोणत्या पोर्टवरून किती डेटा गेला, किती चुका झाल्या, यूपीएसच्या बॅटरीत किती मिनिटं उरली, हे सगळं तिच्यातून कळतं. यूपीएसला मात्र त्यासाठी वेगळं नेटवर्क कार्ड लागतं. ते यूपीएसच्या खरेदीतच मागून घ्यावं.

एसएनएमपीत दोन ठिकाणी हमखास चूक होते. पहिली सुरक्षेची. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे व्ही2सीमध्ये, पासवर्डसारखा वापरला जाणारा शब्द उघडाच प्रवास करतो आणि कित्येक उपकरणांवर तो कारखान्यातून आलेला ‘पब्लिक’ हाच राहिलेला असतो. तिसऱ्या आवृत्तीत ओळख पटवणं आणि मजकूर गुप्त ठेवणं, दोन्हीची सोय आहे. जिथे उपकरण साथ देतं तिथे तिसरीच वापरावी.

दुसरी चूक मोजणीची, आणि ती लवकर लक्षात येत नाही. पोर्टवरून गेलेल्या बाइटचा जुना मोजणीदार 32 बिटांचा असतो. सुमारे 4.29 अब्ज बाइट झाले की तो पुन्हा शून्यापासून सुरू होतो. 1 गिगाबिटची लाइन पूर्ण भरून वाहत असेल, तर हे अवघ्या 34 सेकंदांत घडतं. सॉफ्टवेअर दर पाच मिनिटांनी वाचन घेत असेल, तर मधल्या काळात मोजणीदार कितीदा फिरला हे त्याला कळत नाही, आणि सर्वांत गर्दीच्या वेळी आलेख सर्वांत कमी वापर दाखवू शकतो. 64 बिटांचे मोजणीदार वाचले की हा प्रश्न मिटतो. चाचणीत एक मोठी फाइल कॉपी करावी आणि आलेखातला आकडा खऱ्या वेगाशी जुळतो का, ते पाहावं.

तिसरी पद्धत एजंटची. एजंट म्हणजे सर्व्हरवर बसवलेला छोटा प्रोग्रॅम. तो आतली मोजमापं गोळा करून मुख्य सॉफ्टवेअरला देतो. डिस्क, मेमरी, चालू सेवा, लॉगमधल्या विशिष्ट ओळी, असं बरंच त्याला दिसतं. काही सॉफ्टवेअर विंडोज सर्व्हरची माहिती एजंटशिवाय, डब्ल्यूएमआय या विंडोजच्याच सोयीतून घेतात. त्यासाठी फायरवॉलमध्ये बरीच पोर्ट उघडावी लागतात, म्हणून सर्व्हर बरेच असतील तर मला एजंटच सोयीचा वाटतो.

चौथी तपासणी ग्राहकाच्या बाजूनं. लॉगिनचं पान खरंच उघडतं का, डेटाबेस एका साध्या प्रश्नाला उत्तर देतो का, प्रमाणपत्राचे किती दिवस उरलेत, हे सॉफ्टवेअर स्वतः करून पाहतं. प्रमाणपत्रांच्या बाबतीत तर आता हयगय परवडणार नाही. 3 फेब्रुवारी 2020 रोजी मायक्रोसॉफ्टची टीम्स ही सेवा काही तास बंद पडली, ती प्रमाणपत्र संपल्यामुळे. सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत 398 दिवसांवरून मार्च 2026 पासून 200, पुढे 2027 मध्ये 100 आणि 2029 मध्ये 47 दिवसांवर आणण्याचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्यांच्या फोरमनं ठरवलं आहे. वर्षातून एकदा डायरीत पाहण्याचं काम आता यंत्राकडेच द्यावं लागेल.

एवढं कळलं, की बाजारातली नावं ओळखीची वाटू लागतात.

मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे ज्याचा कोड खुला असतो आणि परवान्याचे पैसे लागत नाहीत अशांमध्ये, नॅगिओस हे जुनं नाव. ईथन गॅलस्टाड यांनी 1999 मध्ये ते नेटसेंट या नावानं सुरू केलं. मांडणी मजकुराच्या फाइलींतून करावी लागते. सवय असलेल्या माणसाला ते आवडतं, नव्याला जड जातं. झॅबिक्स लॅटव्हियातलं. अलेक्सेई व्लादिशेव यांनी 2001 मध्ये ते लोकांसाठी खुलं केलं. सर्व्हर, नेटवर्क, यूपीएस सगळं एका ठिकाणी, मांडणी ब्राउझरमधून आणि पैसे मोजून मिळणारी वेगळी आवृत्तीच नाही. फक्त स्विच-राउटरचं जाळं मोठं असेल, तर लिब्रेएनएमएस चटकन उभं राहतं. प्रोमेथियस साउंडक्लाउड कंपनीत 2012 मध्ये जन्मलं. स्वतःची अॅप्लिकेशन लिहिणाऱ्या आणि ती कंटेनरमध्ये चालवणाऱ्या विभागांसाठी ते उत्तम, आणि आलेखांसाठी त्याच्या जोडीला ग्राफाना असतं. पण मूळ मांडणीत ते फक्त 15 दिवसांचा डेटा ठेवतं आणि अलर्ट पाठवायला वेगळा भाग बसवावा लागतो.

पैसे देऊन घ्यायच्यांत जर्मनीच्या पेसलर कंपनीचं पीआरटीजी आणि चेन्नईच्या झोहोचं ऑपमॅनेजर आपल्याकडे नेहमी समोर येतात. दोन्ही एका दिवसात काहीतरी दाखवू लागतात, हा त्यांचा मोठा गुण. झोहोचंच साइट24x7 क्लाउडवरून चालतं, म्हणजे मॉनिटरिंगचा सर्व्हर आपल्याला सांभाळावा लागत नाही.

आपल्या बँकेसारख्या विभागासाठी माझा कल असा: चौघांपैकी किमान दोघांना लिनक्स येत असेल आणि शिकायला दोन महिने देता येत असतील, तर झॅबिक्स. नसेल, तर ऑपमॅनेजर किंवा पीआरटीजी. फुकट आहे म्हणून झॅबिक्स घेतलं आणि ते जाणणारा एकच माणूस नोकरी सोडून गेला, तर पडद्यावरची लाल खूण कशामुळे आहे हे सांगायला कुणी उरत नाही.

किंमत ठरवताना मोजमापाचं एकक आधी विचारावं. पीआरटीजीत पैसे सेन्सरवर ठरतात आणि सेन्सर म्हणजे एकेक तपासणी. 24 पोर्टच्या स्विचचं प्रत्येक पोर्ट पाहायचं म्हटलं, तर एका स्विचलाच 24 सेन्सर खर्ची पडतात. ऑपमॅनेजर उपकरणं मोजतं. क्लाउड सेवा बहुधा सर्व्हरमागे महिन्याचा दर लावतात. म्हणून दोन कंपन्यांच्या किमती थेट शेजारी ठेवता येत नाहीत. आपल्या मोजणीवरून प्रत्येकीचा तीन वर्षांचा खर्च काढावा: नूतनीकरण, कर, मॉनिटरिंगचा सर्व्हर, प्रशिक्षण, सगळं धरून. पहिल्या वर्षीची सवलत नूतनीकरणातही राहील का, हे लेखी घ्यावं.

साठवणुकीचा हिशेबही इथेच करावा. समजा, 5,000 मोजमापं दर मिनिटाला घेतली. दिवसाला 72 लाख नोंदी झाल्या. एका नोंदीला साधारण 90 बाइट धरले, तर रोज सुमारे 650 एमबी, आणि 90 दिवसांचे 58 जीबी. ही जागा तर लागतेच, पण खरी अडचण जुन्या नोंदी पुसताना येते. डेटाबेस त्यातच अडकतो आणि पडदा उघडायला मिनिटं लागतात. यावर उपाय दोन. सगळंच दर मिनिटाला मोजू नये. डिस्क किती भरली, हे पाच-दहा मिनिटांनी पाहिलं तरी चालतं. आणि बारीक नोंदी एक-दोन महिने ठेवून पुढे तासाची सरासरी, किमान आणि कमाल एवढंच ठेवावं.

आता सुरक्षा. हा भाग निवडीच्या तक्त्यात बहुतेकदा शेवटच्या ओळीत असतो. मॉनिटरिंग सॉफ्टवेअर म्हणजे प्रत्येक खोलीची किल्ली कमरेला लावलेला राखणदार. त्याच्याकडे सगळ्या सर्व्हरची खाती आणि नेटवर्कचा पूर्ण नकाशा असतो. डिसेंबर 2020 मध्ये उघडकीला आलं, की सोलरविंड्स कंपनीच्या ओरायन या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमध्येच हल्लेखोरांनी आपला कोड घुसवला होता. ते अपडेट सुमारे 18,000 ग्राहकांपर्यंत पोचलं. प्रत्यक्ष घुसखोरी त्यातल्या थोड्यांकडेच झाली, पण त्यांत अमेरिकेची सरकारी खातीही होती.

म्हणून मॉनिटरिंगला द्यायची खाती फक्त वाचण्यापुरती असावीत. सोय म्हणून डोमेन अॅडमिनचा पासवर्ड टाकून ठेवू नये. त्याचा सर्व्हर नेटवर्कच्या वेगळ्या भागात ठेवावा, तिथून इंटरनेटकडे फक्त आवश्यक तेवढीच वाट द्यावी आणि त्याचं पान बाहेरून उघडता येऊ नये.

इथे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या नियमांचाही विचार करावा. 28 एप्रिल 2022च्या निर्देशांनुसार लॉग 180 दिवस जपून ठेवावे लागतात, ठरवून दिलेल्या प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवाव्या लागतात आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवावी लागतात. मॉनिटरिंग घेतलं म्हणजे लॉगचं कामही झालं, असा समज अनेकांचा होतो. मॉनिटरिंग मुख्यतः आकडे साठवतं. कुणी केव्हा लॉगिन केलं, फायरवॉलनं काय अडवलं, या लॉगसाठी बहुधा वेगळी व्यवस्था लागते.

दोन-तीन सॉफ्टवेअर निवडून झाली, की महिनाभर चाचणी. दहा-बारा उपकरणं पुरेत: एक शाखा पूर्ण, दोन-तीन सर्व्हर, एक यूपीएस. सुरुवातीच्या यादीतले बिघाड आता मुद्दाम घडवायचे. कामकाज संपल्यावर, वरिष्ठांची परवानगी घेऊन, शाखेची मुख्य लाइन काढावी आणि 4जीवर गेल्याचं कळतं का ते पाहावं. चाचणी सर्व्हरवर मोठी फाइल टाकून डिस्क भरावी. एखादी सेवा थांबवावी. यूपीएसचा मेन बंद करावा. एका रात्री बॅकअप चालूच करू नये. दर वेळी घड्याळ लावून टिपावं: संदेश कुणाला गेला, किती मिनिटांनी, आणि वाचून नेमकं काय करायचं ते कळलं का?

बॅकअपच्या परीक्षेत अनेकदा घोळ होतो. ‘बॅकअप फसला’ असा संदेश यायची सोय असते, पण बॅकअप सुरूच झाला नाही, तर फसल्याचा संदेश कोण पाठवणार? म्हणून अलर्ट उलटा लावावा: गेल्या 26 तासांत यशाची नोंद आली नसेल, तर हाक मारावी.

अलर्टची मांडणी हे या सगळ्यातलं सर्वांत कष्टाचं काम. सॉफ्टवेअर बसवलं की तयार साच्यातले शेकडो नियम आपोआप लागू होतात. पहिल्याच आठवड्यात ईमेलचा पूर येतो, माणसं त्यासाठी वेगळा फोल्डर करतात, आणि त्या फोल्डरमध्ये कुणी जात नाही.

त्यामुळे पहिल्या दिवशी सगळे अलर्ट बंद ठेवावेत आणि बिघाडांच्या यादीवरून एकेक चालू करावा. प्रत्येकाला विचारावं: हा आल्यावर कुणी उठून काही करणार आहे का? करणार असेल आणि ते आत्ताच करायचं असेल, तर मोबाइलवर पाठवावा. उद्या केलं तरी चालत असेल, तर सकाळच्या अहवालात. काहीच करायचं नसेल, तर फक्त आलेखात राहू द्यावं.

टक्केवारीच्या मर्यादा फसव्या असतात. 4 टीबीची डिस्क 90 टक्के भरली, तरी सुमारे 400 जीबी जागा शिल्लक असते. 50 जीबीची भरली तर अवघी 5 जीबी. या वेगानं भरत राहिली तर किती तासांत संपेल, हे विचारावं. झॅबिक्स आणि प्रोमेथियस, दोन्हींत हा अंदाज काढण्याची सोय आहे. मेमरीचंही तसंच. लिनक्स मोकळी मेमरी फाइली हाताशी ठेवायला वापरून घेतं, त्यामुळे ‘वापरलेली’ मेमरी नेहमी जास्तच दिसते. ‘उपलब्ध’ मेमरीचा आकडा पाहावा.

एखादा आकडा मर्यादेच्या वर-खाली होत राहिला, की दर मिनिटाला ‘बिघडलं’, ‘सुधारलं’ असे संदेश येतात. म्हणून अलर्ट 90 टक्क्यांना आणि तोही सलग तीन वाचनांनंतर लावावा, मिटवावा मात्र 80च्या खाली आल्यावर. शिवाय कोणतं उपकरण कोणाच्या मागे आहे, हे सॉफ्टवेअरला सांगावं. शाखेचा राउटर गेला, तर त्यामागच्या दहा उपकरणांचे दहा संदेश न येता राउटरचा एकच यावा. डेमोत ही गोष्ट आवर्जून करून दाखवायला सांगावी.

संदेश कशावर पाठवायचा, हेही आधी ठरवावं. एसएमएस हवा असेल, तर आपल्याकडे ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांनुसार पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा साचा डीएलटी या नोंदणी व्यवस्थेत नोंदवावा लागतो. मजकूर साच्याबाहेर गेला, तर एसएमएस पोचत नाही. त्यामुळे उपकरणाचं नाव आणि बिघाड यांच्या जागा बदलत्या ठेवून एकच छोटा साचा नोंदवावा, आणि हे काम चाचणीच्या आधी सुरू करावं. टेलिग्रामवर संदेश पाठवणं सोपं, पण त्याला इंटरनेट लागतं.

मुख्य कार्यालयाचं इंटरनेटच गेलं, तर? 4 ऑक्टोबर 2021 रोजी फेसबुक सुमारे सहा तास बंद होतं. त्या वेळी अभियंत्यांची आतली साधनंही चालेनात, कारण तीही त्याच नेटवर्कवर होती. आपल्याकडे याला स्वस्त उपाय आहे. मॉनिटरिंगच्या सर्व्हरला सिम कार्डवर चालणारा वेगळा मोडेम द्यावा. शिवाय दुसऱ्या शाखेत किंवा क्लाउडवर एक छोटी तपासणी ठेवावी. मॉनिटरिंगचा सर्व्हर जागा आहे ना, एवढंच तिनं दर पाच मिनिटांनी पाहायचं. ज्या सर्व्हरवर लक्ष ठेवायचं, त्याच सर्व्हरवर मॉनिटरिंग बसवू नये. एकाच व्हर्च्युअल यंत्रणेतही शक्यतो नको.

खरेदीच्या आदेशात स्वीकृतीची अट म्हणून चाचणीतल्या परीक्षा जशाच्या तशा लिहाव्यात: अमुक बिघाड घडवल्यावर तमुक मिनिटांत संदेश आला पाहिजे. शेवटचा हप्ता त्या पार पडल्यावर द्यावा. आणि नवा सर्व्हर किंवा नवी शाखा सुरू करण्याच्या कागदात मॉनिटरिंगमध्ये नोंद झाल्याची एक ओळ घालावी, सहीसकट.

पहिल्या सहा महिन्यांनंतर, आणि पुढेही ठरावीक काळानं, आलेल्या अलर्टचा अहवाल काढावा आणि चौघांनी मिळून वाचावा. ज्या अलर्टवर कुणी काहीच केलं नाही ते बंद करावेत किंवा सुधारावेत, आणि जे बिघाड अजूनही शाखेच्या फोनवरूनच कळले, त्यांच्यासाठी तपासण्या वाढवाव्यात. त्याच दिवशी मॉनिटरिंगच्या मांडणीचा बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उभा करून पाहावा. हे काम दर वेळी विभागातल्या वेगळ्या माणसाला द्यावं.